चौथा गोल जरा बारीक कर

विट्यात माझ्या मित्राचं फ्लेक्सचं दुकान आहे. इलेक्शन आलं की रात्री जेवण झाल्यावर मी तिथं जाऊन बसतो, चहा फुकट, राजकारण पण फुकट. कोरलमध्ये, म्हणजे फ्लेक्स डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाईल उघडलेली असते, वरच्या ओळीत गोलगोल फोटो, आधी दिल्लीचे मग मुंबईचे मग जिल्ह्याचे, मधोमध हात जोडलेला भावी आमदार आणि एकदम खाली शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट साईझ. आणि सारखे फोन. "अरे तो चौथा गोल जरा बारीक कर, वरनं सांगितलंय." मित्र म्हणतो कुणाचं वजन वाढलं आणि कुणाचं उतरलं हे मला पेपरच्या आधी कळतं. खोटं नाही ते.

फोटो म्हणजे काय चीज आहे ते राष्ट्रवादी फुटल्यावर सगळ्यांनी बघितलंच. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अजितदादांच्या गटाला विचारलं, तुमचा पक्ष वेगळा आहे ना आता, मग शरद पवारांचा फोटो कशाला वापरता? फ्लेक्सवरचा गोल दिल्लीत कोर्टात पोचला राव!

तर मुद्दा असा की पक्ष एखाद्याला पुढं करतो ते कशावरून. आपण समजतो की सतरंज्या उचलल्या, वीस वर्षं पक्षात घासली की नंबर लागतो. मला तर तसं काही दिसत नाही. भाजपमधल्या एकनाथ खडसेंचंच बघा ना. २००९ ते २०१४ विधानसभेत विरोधी पक्षनेते, सत्ता आली तेव्हा मुख्यमंत्रिपदासाठी नाव चालू होतं, झाले मंत्री, २०१६ ला भोसरीच्या जमिनीवरून राजीनामा, २०१९ ला तिकीटच कापलं, मुलीला दिलं आणि ती पडली. मग मे २०२० मध्ये विधान परिषदेची यादी आली त्यात खडसे नाहीत, पंकजाताई मुंडे पण नाहीत, पण आमच्या आटपाडीकडचे गोपीचंद पडळकर आहेत. हे तेच पडळकर, सहा-सात महिन्यांपूर्वी बारामतीत अजितदादांसमोर उभे राहिले आणि दीड लाखाच्या वर मतांनी पडले, डिपॉझिट गेलं. तेव्हा दुकानात सगळे म्हणाले अरे डिपॉझिट घालवलेल्याला आमदार करतात व्हय? करतात की. कारण त्याआधी लोकसभेला सांगलीत वंचित बहुजन आघाडीकडनं तीन लाखाच्या आसपास मतं घेतली होती, धनगर समाजात नाव होतं आणि मुख्य म्हणजे माईक हातात आला की पवारांवर सुटायचे. पक्षाला त्यावेळी तेच पाहिजे होतं असं माझं मत, तुमचं वेगळं असेल तर असू दे. खडसे त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रवादीत गेले. पंकजाताईंनी मात्र कळ सोसली, त्यांचं 'जनतेच्या मनातली मुख्यमंत्री' हे वाक्य लोकांच्या आणि बहुतेक वरच्यांच्याही चांगलं लक्षात होतं, शेवटी २०२४ ला बीडची लोकसभा हरल्यावर परिषदेवर घेतलं आणि मग मंत्री. म्हणजे एक गोल दहा वर्षांत मोठा बारीक गायब आणि परत मोठा.

आणि हे फक्त भाजपचं नाही हां. २०१९ ला राष्ट्रवादीतनं एकेक माणूस निघून चालला होता तेव्हा शिवस्वराज्य यात्रेला पुढं कोण, तर अमोल कोल्हे. शिवसेनेतनं येऊन वर्ष पण झालं नव्हतं. पण टीव्हीवर संभाजी महाराज म्हणून घराघरात पोचलेले, आवाज तसा, शिरूरला आढळरावांना पाडलेलं. पक्षातल्या जुन्या माणसांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत.

स्टार प्रचारकांची यादी हा पण एक गंमतीचा कागद आहे. मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं देता येतात, बाकीच्यांना २०, आणि त्यांच्या फिरण्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. पण उमेदवार स्टेजवर शेजारी बसला की सभेचा खर्च त्याच्या अंगावर येतो. नीट बघितलं तर पहिली दहा-बारा नावंच सभा घेत फिरतात, बाकीची बरीचशी रुसू नयेत म्हणून घातलेली.

कधीकधी तर उलटंच. डिसेंबर २०२३ ला राजस्थानात आमदारांचा ग्रुप फोटो काढला, शेवटच्या रांगेत उभे होते ते भजनलाल शर्मा, पहिल्यांदाच आमदार झालेले. थोड्या वेळाने चिठ्ठी उघडली वसुंधरा राजेंनी, तर मुख्यमंत्री म्हणून नाव या शर्मांचंच! त्या दिवसापासून आमच्या गल्लीतले एक काका फोटोत मुद्दाम मागं उभे राहतात. चेष्टेत म्हणतात, पण राहतात.

हे काका तीस वर्षं शुभेच्छुकांच्या रांगेत आहेत, पक्ष दोनदा फुटला तरी रांग तीच.

मागच्या इलेक्शनला एकदा रात्री अकराला गेलो तर मित्राने दोन फाईली करून ठेवलेल्या. तिकीट दोघांतल्या एकाला मिळणार होतं, मुंबईहून निरोप यायचा होता. पांढरा कुर्ता, जोडलेले हात, गळ्यात उपरणं, सगळं एकच, फक्त मान मोकळी ठेवलेली. काकांनी दोन्ही फाईली डोळे बारीक करून बघितल्या आणि म्हणाले, "डोकं कुणाचं बी लाव, पण माझा फोटो दोन्हीत हाय ना?"