तांदळातलं नाव आणि आईची पेन्शन

बाबा फौजेत होते म्हटलं की लोक लगेच विचारतात, कुठल्या लढाईत? बाबा आर्मी सर्व्हिस कोरमध्ये, म्हणजे सैन्याला रेशन पुरवणाऱ्या दलात, स्टोअरकीपर होते. १९७२ साली भरती, बंगळूरला ट्रेनिंग आणि १९९६ला हवालदार म्हणून घरी. आमचं गाव गोव्यात, अस्नोड्याजवळ. १९६१च्या डिसेंबरात दोडामार्गाकडून भारतीय पलटणी आल्या तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, तरी जवानांच्या मागोमाग रेशनच्या गाड्या कशा पोचल्या, हेच त्यांना त्या वयातलं लख्ख आठवायचं.

लेहच्या सप्लाय डेपोतल्या गोष्टी तर शंभरदा ऐकल्यात. हिवाळ्यात झोजिला खिंड बर्फानं बंद व्हायची, म्हणून पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल सगळं त्याआधी वर चढवून ठेवायचं. एकदा दिल्लीहून पुरवठ्याचं काम बघणारे एक लेफ्टनंट जनरल इन्स्पेक्शनला आले. सलामी झटपट उरकून ते सरळ गोदामात शिरले, पिठाची एक गोणी उसवायला लावली आणि मूठभर पीठ तळहातावर घेऊन हुंगलं. मग म्हणाले, आता थप्पीच्या तळाची काढा. "वरची गोणी सगळेच चांगली ठेवतात," बाबा हसत सांगायचे. त्यांच्या लेजरात एका किलोचाही फरक सापडला नाही. निवृत्तीनंतरही घरच्या किराण्याची डायरी होतीच, डावीकडे आवक, उजवीकडे जावक.

२०२३च्या फेब्रुवारीत बाबा गेले. पंचायतीतून मृत्यूचा दाखला मिळाला आणि आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज आम्ही संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलवर भरला. मला वाटलं, महिन्याभरात होईल. पंधरा दिवसांत अर्ज परत. कारण, नाव जुळत नाही.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि पुढे सासरी तेच. आई माहेरची शेवंती, तांदळात झाली सुहासिनी. बाबांनी पलटणीत बायकोचं नाव तेच कळवलं, त्यामुळे पीपीओवरही, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरही, सुहासिनी. पण सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या विवाहनोंदीत जन्माचंच नाव होतं, आधारवरही तेच. म्हणजे कागदोपत्री बाबांची बायको एक आणि त्यांच्या घरात राहणारी बाई दुसरी. एक किलो इकडचा तिकडे न होऊ देणाऱ्या माणसाच्या खात्यात हा एवढा फरक! आई म्हणाली, "त्यांना कशाला बोल लावतोस, तांदळात लिहायला भटजींनीच सांगितलं होतं ना."

पुढचे पाच महिने कागद गोळा करण्यात गेले. एका कार्यालयातल्या कारकुनानं आम्हाला चार फेऱ्या मारायला लावल्या आणि प्रत्येक फेरीला नवा कागद सांगितला. पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयातल्या माजी सुभेदारांनी मात्र एका बैठकीत सगळं सांगितलं. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र. सोबत विवाहनोंद, आधार आणि बाबांचं डिस्चार्ज बुक. सगळं बंगळूरच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टानं, आणि आधी झेरॉक्स काढून ठेवायची. तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश, निघाली की मगच पोर्टलवर नाव बदलतं. अर्जात बाबांचा आर्मी नंबर हवा होता. डिस्चार्ज बुकचं ते पान भिजून चिकटलेलं. शेवटी माळ्यावरची काळी ट्रंक उतरवली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, बाबांच्याच हातचा, एक आकडाही पुसलेला नाही.

रकमेबद्दलही एक सांगतो, कारण आमचा गैरसमज झाला होता. पेन्शनर निवृत्तीनंतर वारला तर पत्नीला काही काळ शेवटच्या पगाराच्या ५० टक्के मिळतात, पण सात वर्षं किंवा पेन्शनर ६७चा झाला असता तोवर, यात जे आधी येईल तेवढंच. बाबा सत्तरीचे होते, म्हणून आईला सुरुवातीपासूनच ३० टक्के. महिन्याला ९,००० रुपयांपेक्षा कमी देत नाहीत.

ऑगस्टात ऑर्डरची प्रत आली. 'शेवंती उर्फ सुहासिनी'. सप्टेंबरात मागची थकबाकी एकदम जमा झाली. मोबाईलवरचा मेसेज आईला वाचून दाखवला. तिनं फळीवरून किराण्याची डायरी काढली. फेब्रुवारीनंतर त्यात कुणीच काही लिहिलं नव्हतं.

"लिही," म्हणाली, "डावीकडे."