बाटली पांढरीच राहिली

नागपुरात बसून जहाजावर जाणाऱ्या मुलांवर पीएचडी करते म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "फुटाळा तलावात जहाज सोडता का?" सोडत नाही. आमच्या कॉलेजातली मेकॅनिकलची काही मुलं दरवर्षी मरीन इंजिनियरिंगच्या एक वर्षाच्या कोर्सला जातात. त्यांच्यासाठी सुटीत मी पाण्याच्या रसायनशास्त्राचा वर्ग घेते. भर समुद्रात बॉयलरचं पाणी तपासायला लॅबवाला येत नाही. क्लोराइड, अल्कलिनिटी, पीएच, सगळं इंजिनियरनेच पाहायचं आणि वहीत लिहायचं. ही मुलं पाणी तपासायला शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात, हा माझा प्रबंधाचा प्रश्न. लेखी परीक्षा वर्गाच्या आधी एक, नंतर एक, आणि शेवटी नाग नदीवर प्रात्यक्षिक, ज्याचे गुण नंतरच्या गुणांत धरते.

नाग नदी असं मी म्हणते. पुलावरून जाणारा नागपूरकर नाला म्हणतो आणि नाक दाबतो. गावाला जिचं नाव, तिची ही पत. तरी माझ्या कामाला ती बरी. नागचं पाणी कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत, मग प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. म्हणजे गोसीखुर्द धरणाला अडलं नाही तर पोरांच्या आधी पाणीच समुद्राला लागतं.

प्रात्यक्षिक पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं, म्हणजे डीओचं, विंकलर पद्धतीने. मीटर आहे आमच्याकडे. त्याचा प्रोब दोन वर्षांपासून मेलेला आहे आणि खरेदीची फाइल कुठल्या टेबलावर झोपली आहे ते कोणीच सांगत नाही. पण मला विंकलरच आवडते, कारण ती डोळ्यांना दिसते. ३०० मिलिची काचेची बाटली, तिरप्या बुचाची. पाणी बुडबुडा न येऊ देता भरायचं, चांगलं ओसंडू द्यायचं. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन मँगनस सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका हळूहळू खाली बसतो, गूळ ढवळल्यासारखा. नसेल तर साका पांढराच राहतो. मग सल्फ्युरिक आम्ल, आणि लॅबमध्ये थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे थेंब-थेंब टाकून मोजणी. स्टार्चचा निळा रंग एका थेंबाला उडतो तेव्हा मला अजूनही, बावीस वर्षांनी, बरं वाटतं.

"नसेल तर पांढराच राहतो" हे वाक्य मी वर्गात म्हटलं होतं का? नोट्समध्ये आहे. तोंडाने म्हटल्याचं आठवत नाही. लॅबमध्ये नळाचं पाणी वापरतो, तिथे दरवेळी तपकिरीच येतं.

पारडीच्या पुलाजवळ सकाळी साडेसातला उतरलो. बत्तीस मुलं, चार-चारचे आठ गट. मार्च सुरू होता आणि ऊन आतापासूनच चावत होतं. कडेला लगेच गर्दी. एका काकांनी विचारलं, "सोनं सापडलं का हो मॅडम?" दुसऱ्याला वाटलं आम्ही महानगरपालिकेचे, तो त्याच्या घरामागच्या तुंबलेल्या गटारीची तक्रार घेऊन आला आणि हलेचना. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात घरात किती पाणी होतं ते छातीला हात लावून दाखवत होता. त्याची तक्रार खरी होती, पण माझं लक्ष तिथे गुंतलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, पांढरंच राहून राह्यलं." मी वळून न पाहता काहीतरी उत्तर दिलं.

रात्री आकडे भरायला बसले. आठ गटांपैकी सात गटांचे आकडे ३.८ ते ५.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. आंघोळीच्या पाण्याला आपल्याकडे किमान ५ लागतो. म्हणजे एका गटाच्या हिशेबाने पारडीच्या पुलाखाली या निकषावर तरी डुबकी मारायला हरकत नव्हती. ज्याने तिथला वास एकदा घेतलाय तो हसेल. आठव्या गटाच्या वहीत होतं: "डीओ ०. दुसरी बाटली, ०. केमिकल जुने असावे."

आणि गुण? माझ्याच तक्त्यात लिहिलेलं, "तपकिरी साका येणे: २ गुण." तपासायला बसवलेल्या सहायकाने तक्त्याप्रमाणे तपासलं. त्याची चूक नाही. ५.४ वाल्या गटाला दहापैकी नऊ. शून्यवाल्यांना सहा.

दुसऱ्या दिवशी सातही गटांना कँटीनला नेलं. तर्री पोह्यांवर माणूस खरं बोलतो असा माझा अनुभव आहे. तीन गटांनी बादलीतून धार धरून बाटली भरली होती, तिथेच हवा मिसळली. ही साधी चूक, नवशिके सगळेच करतात. उरलेल्या चार गटांचा साका पांढरा आला होता. त्यांनी बूच काढलं, थोडं पाणी सांडलं, हवा घेतली आणि रंग येईपर्यंत बाटली हलवली. "काहून बे, जोरात हलव न," असं एकाने दुसऱ्याला सांगितल्याचं तिसऱ्याने मला सांगितलं. फसवायचं कोणाच्या मनात नव्हतं. एक मुलगा निरागसपणे म्हणाला, "तुम्हीच शिकवलं न मॅडम, तपकिरी आलं पाह्यजे."

हीच मुलं उद्या ऑइल रेकॉर्ड बुक, म्हणजे जहाजावरची तेलाची नोंदवही भरणार. बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी सेपरेटरमधून काढून त्यात तेल १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भाग) आत आलं तरच बाहेर सोडायचं, आणि तसं लिहायचं. सेपरेटर चुकवणाऱ्या चोर-नळीला जहाजावर मॅजिक पाइप म्हणतात. २०१६ साली एका मोठ्या क्रूझ कंपनीने अमेरिकेत असाच गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. वर्गात हा किस्सा मी दरवर्षी रंगवून सांगते. मुलं माना डोलावतात. लेखी परीक्षेत या प्रश्नाला यंदा जवळजवळ सगळ्यांना पूर्ण गुण आहेत.

आठव्या गटाची वही लिहिली होती वर्गातल्या एकुलत्या एका मुलीने. रामटेककडची आहे, फार बोलत नाही. तिला बोलावून म्हटलं, तुझंच उत्तर बरोबर होतं. ती खूश होईल अशी माझी समजूत. ती वही उघडून त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली.

"मग हे काढू का मॅडम? केमिकल जुनं असन, नवीन घे, हे तर तुम्हीच म्हणाल्या होत्या. पुलावर. ते काका बोलून राह्यले होते तेव्हा."

तिने नवीन घेतलं होतं. पुन्हा पांढरं आलं, आणि तरी तिने शून्यच लिहिलं. गटातले तिघं बाटली हलवा म्हणत होते, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

माझ्या गाइडना आकडे दाखवले. ते म्हणाले, एकच गट वेगळा आहे ना, आउटलायर म्हणून काढून टाका, आलेख छान दिसेल. मोठा माणूस, पण पारडीला कधी गेलेला नाही.

तक्त्यातलं "तपकिरी साका" खोडून मी "जो रंग दिसला तो लिहिला" असं घातलंय आणि प्रात्यक्षिकाचे बत्तीसही पेपर नव्याने तपासतेय. एकोणीस झालेत. वर्गाआधी आणि वर्गानंतर यांच्यातली ती सुंदर चढती रेघ बरीच खाली आली आहे. सरांना अजून दाखवलेली नाही.