तुम्ही विचारलंत म्हणून: दहा वर्षांचा व्हिसा आणि १८३ दिवस

"मुलाकडे सहा महिने राहून आलो. तिथे टॅक्स भरावा लागेल का हो?" सोलापुरात रिटर्न भरायचं काम करताना हा प्रश्न मला ऑफिसपेक्षा लग्नाच्या पंगतीत जास्त ऐकू येतो. विचारणारे बहुतेक निवृत्त. लेक किंवा मुलगा अमेरिकेत, नातवंडं लहान, त्यामुळे दरवर्षी वारी ठरलेली. "आमचा नुसता व्हिजिटर व्हिसा, आम्ही कुठे तिथे कमावतो?" हेही लगेच जोडून येतं.

बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने देतो. अमेरिकेच्या करखात्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते तीन वर्षांचे दिवस मोजतं: चालू वर्षाचे सगळे, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस भरले, की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी.

समजा, जुळे सोलापुरातलं एक जोडपं २०२३ आणि २०२४ मध्ये १२०-१२० दिवस राहिलं, २०२५ मध्ये १५०. हिशेब १५० अधिक ४० अधिक २०, म्हणजे २१०. एकाही वर्षी सहा महिने झाले नाहीत, तरी रेषा ओलांडली! उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. शिवाय त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सप्टेंबरात जाऊन जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला परतणाऱ्यांचे दिवस दोन वर्षांत वाटले जातात. एप्रिलात निघून दसऱ्याला येणाऱ्यांचे सगळे एकाच वर्षात पडतात. आपल्याकडचा उन्हाळा बघता बहुतेक जण ही दुसरी वाटच धरतात, आणि त्यांना नावं कोण ठेवणार?

रहिवासी ठरलात तर तिथे जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं: इथली पेन्शन, एफडीचं व्याज, होटगी रोडच्या गाळ्याचं भाडंसुद्धा. पण त्या वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिला असाल, आणि घरदार, बँक, मतदान सगळं भारतात असेल, तर फॉर्म ८८४० भरून सुटता येतं. तिथला पगार नसेल तर मुदत साधारण १५ जून. हा फॉर्म बहुतेकांच्या मुलांनाही ठाऊक नसतो, आणि आयटीतल्या मुलांना ते सांगायला गेलं की पटतही नाही. मात्र तुमच्या नावाने ग्रीन कार्डचा अर्ज गेला असेल तर ही वाट बंद. त्या एका वर्षातच १८३ किंवा जास्त दिवस राहिलात तर भारत-अमेरिका कर-करार आहे, कायमचं घर कुठे वगैरे पाहून तो निवाडा करतो; पण त्यासाठी तिथलं रिटर्न भरावंच लागतं.

ग्रीन कार्ड हातात असेल तर दिवस मोजायचं कामच नाही. कार्ड परत करेपर्यंत तुम्ही सोलापुरात बसूनही तिथले करदाते. "असू द्या, पडून राहील" म्हणून कपाटात ठेवायची ही वस्तू नव्हे, असं मी स्पष्ट सांगतो.

याची उलट बाजूही पंगतीत निघते: "सहा महिने बाहेर राहिलो, म्हणजे आम्ही आता एनआरआय." नाही. इथे १८२ दिवस भरेपर्यंत रहिवासी न धरण्याची सवलत नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला, किंवा परदेशात स्थायिक होऊन इथे भेटीला येणाऱ्याला. नातवंडं सांभाळायला गेलेल्या आजी-आजोबांना ६० दिवसांचाच नियम: आर्थिक वर्षात इथे ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले की भारताचे रहिवासी. सात महिने तिकडे काढले तरी हे सहज भरतं. तेव्हा बँकेत एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं करून घ्यायला धावू नका, आणि व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेला द्यायचा फॉर्म (मार्च २०२६ पर्यंतचा १५एच) भरत असाल तर तो यंदाही भरा.