सागवानी फ्लाय रीळ, क्रमांक ३: जुलैतली फट आणि जानेवारीतली फट

फ्लाय फिशिंगसाठी (कृत्रिम माशी लावून करायच्या मासेमारीसाठी) लाकडी रीळ बनवतोय, त्यातलं हे तिसरं. स्थिती: स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) चिकटवून, कातून तयार. बॅकप्लेटवर (रिळाच्या स्थिर पाठीवर) कडं बसलं. बुश (स्पूलच्या भोकातली धातूची नळी) आणि स्पिंडल (स्पूल ज्यावर फिरतं तो दांडा) जागेवर. क्लिक (स्पूलला हलका अडसर देणारं दातेरी चाक आणि जीभ) अर्धवट, फिनिशचा शेवटचा हात बाकी.

लेथवर लाकूड गोल करणं हा या कामातला सोपा भाग. ते ठाण्यात जुलैअखेरपर्यंत गोल ठेवणं अवघड. क्रमांक २ चं रीळ मार्चमध्ये लोण्यासारखं फिरत होतं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक फेरीला दोनदा अडायला लागलं. म्हणून क्रमांक ३ ची सगळी आखणी एका फटीभोवती केली आहे: स्पूलची कड आणि बॅकप्लेटचं कडं यांमधली.

आधी हिशोब. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, तेव्हा उघड्यावरचं लाकूड हळूहळू १७ टक्के ओलाव्यापर्यंत जातं. हिवाळ्यातल्या ६० टक्क्यांच्या हवेत ते ११ वर येतं. म्हणजे फरक ६ टक्क्यांचा. सागवान दर १ टक्का ओलाव्यामागे वलयांच्या दिशेने साधारण ०.१९ टक्के फुगतो, गाभ्याकडून सालीकडे ०.०९ टक्के, आणि उभ्या धाग्याच्या दिशेने जवळपास शून्य. साध्या फळीतून काढलेली ८० मिमीची चकती घ्या. आडवी ती ०.९ मिमी वाढते, उभी तशीच राहते. चकती अंडाकृती झाली. बॅकप्लेटची खाचही त्याच लाकडाची, तीही अंडाकृती झाली, पण ती जागेवर स्थिर आणि स्पूल फिरतं. स्पूलची लांब बाजू खाचेच्या आखूड बाजूसमोर आली की अडकलं. क्रमांक २ मध्ये दोन्ही बाजूंना ०.४ मिमी फट होती, म्हणजे एकूण ०.८. हवी होती ०.९ पेक्षा जास्त.

वलयं फळीच्या जाडीत उभी दिसतात अशी फळी निवडली तर हीच वाढ ०.४ मिमीवर येते. लाकूड निवडताना टोकाकडून बघायचं ते यासाठी.

मग सरळ १ मिमी फट ठेवावी ना? नाही. फ्लाय लाइनचा (फेकायच्या मुख्य दोरीचा) मागचा बारीक भाग ०.९ ते १ मिमीचा आणि २० पौंडी डेक्रॉन बॅकिंग (लाइनच्या मागची राखीव दोरी) जेमतेम अर्ध्या मिमीचं. मोठ्या फटीत बॅकिंग उतरतं, स्पूलच्या मागे जातं, आणि मासा पळत असताना तिथे गुंडाळलं गेलं की संपलंच.

जुन्या इंग्लिश कारागिरांचीही हीच डोकेदुखी होती. १९व्या शतकातल्या नॉटिंगहॅम रिळांच्या अक्रोडी पाठीवर पितळी चांदणी किंवा पट्टी दिसते. ती नक्षी नाही, पाठ वाकू नये म्हणून घातलेला आधार आहे. आपल्या हवेत नुसत्या पट्टीने भागत नाही.

क्रमांक ३ मध्ये तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, फ्लँज (स्पूलच्या टोकाची चकती) एकसंध नाही. ५ मिमी जाडीसाठी तीन थर: १.२५, २.५, १.२५ मिमी. मधला थर बाकी दोघांच्या काटकोनात. मधला दुप्पट जाड ठेवायचं कारण असं की उभ्या आणि आडव्या धाग्यांची एकूण जाडी सारखी होते आणि कुठलीच दिशा दुसरीला ओढून नेत नाही. दोनच थर लावले तर पहिल्या पावसात फ्लँजची वाटी होते. चार लावले तरी बाहेरचे दोन थर एकमेकांच्या काटकोनात येतात आणि पीळ पडतो. थर विषमच हवेत. फ्लँजमधला प्रत्येक थर ३ मिमीपेक्षा पातळ ठेवा. जाड थर ऐकत नाहीत, डिंकाच्या रेषेला चीर पाडतात.

सागवान तेलकट. चिकटवण्याआधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसायचं आणि पंधरा मिनिटांच्या आत डिंक लावायचा, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. २४ तासांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांचं ओलाव्यात आणि उन्हात मऊ पडतं. दाब जास्त देऊ नका. शिकंजा आवळून सगळं इपॉक्सी बाहेर काढलं की सांधा उपाशी राहतो आणि पार्टिंग टूल (लेथवर छाट घ्यायचं पातळ हत्यार) लागताच सुटतो.

दुसरी, चिकटवण्याच्या वेळचा ओलावा. लाकूड ११ वर असताना बनवलं तर पावसाळ्यात ६ टक्के एकाच बाजूला जातं. १४ वर बनवलं तर वर तीन, खाली तीन. चकत्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज तोला. १२० ग्रॅमच्या चकतीत १ टक्का ओलावा म्हणजे साधारण १.१ ग्रॅम. वजन चार दिवस स्थिर राहिलं की घरातल्या हवेशी जुळलं. एसीच्या खोलीत मुरवून, तिथेच कातून बाहेर आणलेलं काम महिन्याभरात वाकडं होतं. ऑक्टोबरचा शेवट किंवा जूनचे पहिले काही दिवस बरे.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. घट्ट माप लाकूड हलत नाही त्या दिशेला ठेवलं. व्यास ०.९ मिमी हलतो, पण ५ मिमीची जाडी त्याच हिशोबाने जेमतेम ०.०६ मिमी. म्हणून बॅकप्लेटच्या कड्यात दोन पायऱ्या कातल्या: वरची खाच ८१.६ मिमी व्यासाची, ४ मिमी खोल, तीत ८० मिमीचा मागचा फ्लँज बसतो. खालची खाच ७४ मिमी व्यासाची, ५ मिमी खोल, तीत क्लिकचं चाक. फ्लँजची खालची बाजू आणि मधली पायरी यांत फक्त ०.३ मिमी. बाजूच्या ०.८ मिमी फटीतून बॅकिंग उतरलंच तर पायरीवर थांबतं, ०.३ मध्ये शिरू शकत नाही. बाजूची फट ऐसपैस ठेवायची मोकळीक मिळते ती यामुळेच.

कडं एका चकतीतून पोखरून काढलं तर तेही अंडाकृती होणार. म्हणून आठ तुकड्यांचं: १६ मिमी रुंद, १० मिमी जाड पट्टीतून प्रत्येक तुकडा, लांब बाजू ४० मिमी, दोन्ही टोकं २२.५ अंशांत. धागा सगळीकडे परिघाच्या दिशेने जातो, त्यामुळे व्यास जवळपास हलत नाही, फक्त कड्याची भिंत किंचित जाडजूड होते. कोन अर्ध्या अंशाने चुकला तरी सोळा टोकांची चूक शेवटच्या सांध्यात ८ अंशांची होऊन दिसते. आधी चार-चार तुकड्यांची दोन अर्धी कडी चिकटवा, त्यांच्या तोंडांना सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर सरळ करा, मग जोडा. बॅकप्लेट ५ मिमीची, फ्लँजसारखीच तीन थरांची. कड्याचा बाहेरचा व्यास ९२ मिमी.

आता लेथ. क्रम चुकवू नका: आधी भोक, मग गोल. स्पूलचा गाभा ४० मिमी व्यासाचा, २२ मिमी रुंद, तीन चकत्या एकमेकींच्या काटकोनात. दोन फ्लँज लावून ठोकळा ३२ मिमीचा. त्यात १० मिमीचं भोक, त्यात ६ मिमी भोकाचा फॉस्फर ब्राँझ बुश इपॉक्सीने. बुशच्या बाहेरच्या अंगावर चार-पाच उथळ चऱ्या पाडल्या तर पकड बसते. गुळगुळीत बुश वर्षभरात आपला आपण फिरायला लागतो. इपॉक्सी सुकल्यावर ६ मिमीच्या मँड्रेलवर (लेथवर काम धरणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरची सगळी मापं त्या भोकाभोवती कातायची. स्पिंडल ३०४ स्टेनलेस, ६ मिमी, पॉलिश करून ५.९७. लाकडाच्या भोकात थेट पोलाद फिरवू नये हे सांगायला नको, तरी करणारे करतात आणि भोक लांबट झालं की लाकडाला दोष देतात. ६८६ नंबरचं बॉल बेअरिंग बसवता येतं, पण क्लिक रिळाला त्याची गरज नाही, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्याचं काही खरं नाही.

स्पिंडलचं पितळी बूड २८ मिमीचं. ते आणि बुश घरच्या लेथवर होत नसतील तर वागळे इस्टेट किंवा रबाळ्यातला कुठलाही छोटा टर्नर करून देतो. कागदावर मापं लिहून द्या, तोंडी नको. घरी पितळेत भोक पाडताना ड्रिल अचानक खेचलं जातं आणि काम हातातून निसटतं. ड्रिलच्या दोन्ही धारांवर ऑइल स्टोनचे दोन-तीन हलके हात मारून त्यांची तिखट कड सपाट केली की खेचणं थांबतं. ते ड्रिल मग पितळेसाठीच वेगळं ठेवा.

रीळ घासतंय पण कुठे ते कळत नाही, ही नेहमीची तक्रार. स्पूलच्या कडेला आणि कड्याच्या आतून मार्कर फिरवा, वीस फेऱ्या द्या, सोडवून बघा. स्पूलची शाई समोरासमोर दोन जागी गेली असेल तर स्पूल अंडाकृती, दोष लाकडाचा. स्पूलची एकाच जागी गेली आणि कड्याची सगळीकडून गेली, तर बुश केंद्रात नाही. उलट झालं, म्हणजे कड्यावर एकच डाग आणि स्पूल चहूबाजूंनी घासलेलं, तर स्पिंडल तिरपा. तिन्हींवर उपाय वेगळा. अंडाकृती स्पूल पावसाळ्यात पॉलिश पेपरने गोल करायला जाल तर डिसेंबरमध्ये ते उलट दिशेने अंडाकृती होईल, तेव्हा घाई नको. तिरपा स्पिंडल बुडाखाली ०.०५ मिमीच्या पितळी पत्र्याची पट्टी सरकवून सरळ होतो. बुश केंद्रात नसेल तर मात्र पुन्हा मँड्रेलवर चढवून कड कातण्यावाचून इलाज नाही, आणि तेवढी फट वाढते.

कड्याच्या आतल्या बाजूची शाई लाकडात मुरते. फिनिशचा पहिला हात दिल्यानंतरच ही चाचणी करा.

क्लिक: मॉड्यूल १ (दात्यांच्या आकाराचं माप), २४ दात्यांचं पितळी चाक, बाहेरचा व्यास २६ मिमी. जीभ ३ मिमी जाड पोलादी पट्टीतून कानशीने, टोक दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे डाव्या-उजव्या हाताला चालतं. स्प्रिंग १ मिमी पियानो वायरची. सध्या ती मऊ पडते आहे. सामान तोलायचा हुकवाला काटा लाइनला लावून ओढला तर १२० ग्रॅमला स्पूल सुटतं, लक्ष्य २०० ते २५० आहे. क्लिकचं काम माशाला थांबवणं नव्हे (ते तळहाताने पुढच्या ८४ मिमी फ्लँजवर), स्पूल लाइनपेक्षा जास्त फिरून गुंता होऊ नये एवढंच. पुढच्या वेळी वायर न वाकवता ०.५ मिमी स्प्रिंग पत्र्याची पट्टी लावून बघायची आहे.

मूठ शिसवी, ११ मिमी जाड, २० मिमी लांब, तिच्या पितळी स्क्रूसकट साडेसहा ग्रॅम. समोरच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर तोल: १० मिमी व्यासाची, ५ मिमी जाड पितळी चकती ३.३ ग्रॅम भरते, अशा दोन शेजारीशेजारी. तोल नसला की जोरात सुटणारं स्पूल हातात थरथरतं. पाय ३ मिमी जाड, १४ मिमी रुंद पितळी पट्टीचा, बॅकप्लेटवरून वळून स्पूलच्या मध्यावर येतो. त्याची टोकं आपल्या रॉडच्या सीटवर (रीळ बसवायच्या जागेवर) बसवत बसवत कानशीने उतरवा, कारण सगळ्या सीट सारख्या नसतात.

लाइन किती मावते? काठाच्या ३ मिमी खालपर्यंत भरलं तर जागा ६७ घनसेंमी. ५ वजनाची (५ नंबरच्या वर्गाची) २७ मीटर लाइन साधारण ३३, ७० मीटर बॅकिंग साधारण १७.५. हाताने सैल गुंडाळलं जातं म्हणून त्यावर चौथा हिस्सा धरा: ६३. मावतं, पण ठासून.

फिनिशबद्दल वाद होतील, होऊ देत. जवसाचं तेल दिसतं सुंदर, पण ओलावा अडवत नाही आणि जुलैत त्यावर बुरशी येते. चपडा पॉलिश पाण्याच्या थेंबाने पांढरं पडतं. मेलामाइन पावसाच्या दिवसात फवारलं की दुधाळ होतं. इथे पातळ इपॉक्सीचे दोन हात, ३२० नंबरने घासून वर पीयूचे (पॉलियुरेथेनचे) दोन. स्क्रूची भोकं, खाचेचा तळ, गाभ्याची टोकं, सगळीकडे सारखंच. एक बाजू उघडी राहिली की तीच बाजू आधी फुगते आणि पाटी वाकते. कोणतंही फिनिश ओलावा थांबवत नाही, फक्त उशीर करतं. चार दिवसांची झड पचवायला तेवढा उशीर पुरतो, चार महिन्यांना नाही.

लाकडाचं थोडक्यात: ठाण्यात पाडकामाला गेलेल्या जुन्या इमारतींच्या चौकटींचा सागवान उत्तम आणि स्वस्त. आधी लोहचुंबक फिरवा, मोडलेला खिळा गाऊजची (लेथवरच्या गोल पटाशीची) धार खातो. 'जुनं लाकूड मुरलेलं असतं, आता हलत नाही' हे खरं नाही. पीळ पडण्याचा धोका कमी होतो, फुगणं-आकसणं तसंच राहतं. नवीन कापाचं हवं असेल तर रे रोडचं दारूखाना, टॅप-रीमर-बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. शिसवीच्या भुशाने कातडीला खाज आणि नाकाला त्रास होतो, बाल्कनीत कातत असाल तर मास्क हवाच, शिवाय शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडेही बघून घ्या.

पुढची नोंद क्लिक पूर्ण झाल्यावर. व्हर्नियरने फ्लँजचे उभे-आडवे दोन्ही व्यास दर पंधरवड्याला घेतोय, फ्लँजच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन खुणा केल्या आहेत म्हणजे माप दर वेळी त्याच जागी पडतं. थरांचे फ्लँज करून बघणाऱ्यांनी या खुणा फिनिशच्या आधीच कराव्यात, नंतर पीयूवर पेन्सिल टिकत नाही.