बाईंच्या छत्रीखालची मोटन शाळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे निमंत्रण आले आणि मला सर्वप्रथम इतिहासाच्या बाई आठवल्या. माझ्या पिढीला त्यांचे नाव वेगळे सांगायला नको.

नववीचा तो तास मागच्या पत्र्याच्या वर्गात होता आणि छत गळत होते. कार्यालयातून मागून आणलेला अमेरिकेचा नकाशा भिजू नये म्हणून बाईंनी स्वतःची छत्री त्यावर धरली होती. महात्मा फुले यांनी १८७३ साली ज्या देशातील लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी ते झटले म्हणून, ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्याच देशात पाऊणशे वर्षांनंतरही काळ्या मुलांची शाळा वेगळी का होती, हे त्या खांद्यावर पाणी ठिबकत असताना सांगत होत्या.

व्हर्जिनियातील फार्मव्हिलची काळ्या मुलांची मोटन शाळा १९३९ साली १८० मुलांसाठी बांधली गेली. पुढे तेथे साडेचारशेहून अधिक मुले झाली, तेव्हा त्यांना डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्या मिळाल्या. “पावसात तिथली मुलंही छत्र्या उघडून बसायची,” असे बाई म्हणाल्या आणि आमची कुजबुज थांबली.

तिथे शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संगीताच्या शिक्षिकेजवळ गाऱ्हाणे मांडले, तेव्हा मग तूच काही का करत नाहीस, असे त्यांनी तिला विचारले. बाई या प्रश्नापाशी बराच वेळ थांबल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी तिने साऱ्या शाळेला संपावर नेले. मुलांना नवी इमारत हवी होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांनी मात्र वेगळ्या शाळांच्या प्रथेलाच आव्हान द्यायचे असेल तरच दावा चालवू, अशी अट घातली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या १९५४ च्या ब्राऊन निकालात एकत्र आलेल्या पाच दाव्यांपैकी हा एक. त्यानंतरही काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा तिथल्या काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) १९५९ साली सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या, त्या १९६४ पर्यंत. हे सांगताना बाईंचा आवाज कापरा झाला होता.

मी वकील झालो, तो त्या तासामुळे. काही वर्षांपूर्वी फार्मव्हिलला जाऊन ती बैठी विटांची इमारत पाहिली. २००१ पासून तेथे संग्रहालय आहे. छायाचित्र बाईंना दाखवायचे होते, पण परतलो तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या. आता पत्र्याचे वर्गही गेले, नकाशाची जागा पडद्याने घेतली. ते छायाचित्र या लेखासोबत शाळेच्या ग्रंथालयासाठी पाठवत आहे. मागे बाईंचे नाव लिहिले आहे.