ग्रॉस मार्जिनची शीट: कंसाने केलेला घोळ सापडला

तीन आठवडे अपडेट नाही, कारण कंपन्यांच्या ग्रॉस मार्जिनची (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरतं ते) माझी एक्सेल शीटच चुकलेली होती. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, की खोबरं महागलं की मॅरिकोचं, म्हणजे पॅराशूट खोबरेल तेलवाल्या कंपनीचं, ग्रॉस मार्जिन त्याच तिमाहीत आपटतं? ती आपटी बरीचशी मीच घडवलेली होती.

कंपनीच्या तिमाही निकालात ग्रॉस मार्जिनची वेगळी ओळ नसते. वापरलेला कच्चा माल, तयार आणून विकलेला माल आणि तयार मालाच्या साठ्यातला बदल, हे तीन आकडे विक्रीतून आपणच वजा करतो. तिसरा आकडा कंसात, म्हणजे उणे, असला तर साठा वाढलाय, म्हणजे खर्च तेवढा कमी धरायचा. तुम्हाला हे पाठ आहे. मलाही होतं. पण स्कॅन केलेल्या पीडीएफवरून टाइप करताना कंस गाळत गेलो. समजा विक्री 100, कच्चा माल 50, तयार आणून विकलेला माल 5, साठ्यातला बदल (3). मार्जिन 48 हवं, माझ्याकडं आलं 42. चूक तीनची, फटका सहाचा! वर खोबरं चढत असताना साठ्याची किंमतही फुगते, त्यामुळे चूक नेमकी तिथंच मोठी व्हायची आणि माझी थिअरी आणखी खरी वाटायची.

सापडलं कसं? परभणीच्या मोंढ्यात आमचं किराण्याचं होलसेल दुकान. माल मोजून झाल्यावर वडिलांनी वही पुढं सरकवली. ‘शिल्लक माल’ जमेच्या बाजूला, नेहमीसारखा. बघत बसलो आणि डोक्यात लख्ख पडलं. रात्री अकराला शीट उघडली, सव्वाअकराला लाइट गेली.

तयार आकडे देणाऱ्या एका फुकट साइटवर ताळा करायला गेलो, तर तिथं हे तिन्ही खर्च एकाच ढिगात. आता सगळं हातानं टाइप. कंटाळवाणं आहे, पण भरवशाचं. (कच्च्या खोबऱ्याचा साठा या तिसऱ्या ओळीत नसतो, तो पहिल्या आकड्यातच मुरलेला असतो. हे मी एकदा विसरलोय, तुम्ही विसरू नका.)

दुरुस्तीनंतरही मार्जिन घसरतंच, पण उतार सौम्य आहे. आणि त्यातलाही काही भाग नुसता भागाकाराचा खेळ. विक्री 100, खर्च 50, मार्जिन 50 टक्के. खर्च 70 झाला, कंपनीनं किंमत 120 केली. नगामागं सुटणारे 50 रुपये तसेच, टक्के मात्र 41.7. यावर ‘मार्जिन कोसळलं’ अशी बोंब मारणाऱ्यांत मीही होतो.

साबणाचा टॅब अजून अर्धवट आहे. 14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्के झालं, मे 2025 अखेर 10 वर आलं. सोयाबीनवाल्याला चार पैसे सुटावेत म्हणून शुल्क चढवलं आणि त्याच निर्णयानं साबणाचा कच्चा माल महागला. लातूरचा सोयाबीनचा भाव बघणाऱ्यानं साबण कंपनीचं मार्जिनही बघावं, असं मी उगाच म्हणत नाही.

पुढचा बेत टूथपेस्टचा होता. पण हे लिहिता लिहिताच बदलला. आधी टक्क्यांशेजारी रुपयांचा कॉलम टाकतो, नगामागं किती सुटले तो. टनांचे आकडे कंपनी तिमाहीला देत नाही, व्हॉल्यूमची, म्हणजे विकलेल्या मालाच्या प्रमाणाची, वाढ टक्क्यांत सांगते. म्हणून पहिली तिमाही 100 धरून त्यावर वाढीच्या टक्क्यांची साखळी लावायची. पाया एप्रिल-जून 2018 धरावा म्हणतो. त्याआधी जुलै 2017 चा जीएसटीचा सांधा येतो, जुन्या विक्रीत अबकारी (उत्पादन शुल्क) मिसळलेली, आणि विक्री कशी नोंदवायची ते सांगणारा हिशेबाचा नियम, इंड एएस 115, सुद्धा एप्रिल 2018 पासूनच लागू. कुणी याहून मागं जाऊन जोड लावली असेल तर अबकारी कशी काढली ते सांगा.