तुम्ही विचारलंत म्हणून: साहा लोकसभेत गेले, मिळालं काय?

प्रश्न ठरलेला असतो. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांवर बोलायला मला बोलावतात. मी ताऱ्यांच्या वर्णपटापासून सुरुवात करतो, शेवटी लोकसभेवर घसरतो, आणि मग कुणीतरी उठतं. 'सर, ज्या माणसाचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, त्यानं आयुष्याची शेवटची चार वर्षं खासदारकीत का घालवली? मिळालं काय त्यातून?' कधीकधी पुढचा प्रश्न माझ्यावरच असतो: तुम्ही भौतिकशास्त्राचे, तुम्ही हे का घेऊन बसलात? विचारणारे बहुतेक आपल्याच बिरादरीतले असतात, म्हणून साहांचं ते १९२० चं समीकरण, ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचं तापमान सांगणारं, मी इथे पुन्हा समजावत नाही.

मिळालं काय, ते आधी सांगून टाकतो, कारण यादी लांब नाही.

साहा १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत वायव्य कलकत्त्यातून, डाव्यांच्या पाठिंब्यावर निवडून आले. अणुसंशोधन गुप्ततेच्या पडद्याआड ठेवू नका, ते विद्यापीठांत वाढू द्या, हा त्यांचा जुना धोशा. १९४८ चा अणुऊर्जा कायदा झाला तेव्हा ते सभागृहाबाहेर होते. आत आल्यावर त्यांनी विषय लावून धरला, आणि १० मे १९५४ रोजी लोकसभेत अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर चर्चा झाली. पंतप्रधानांना उठून उत्तर द्यावं लागलं. आणि निष्पन्न काय? तीन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, अणुऊर्जेचं स्वतंत्र खातं झालं, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. सचिव होमी भाभा, मुख्यालय मुंबईत. साहांना हवं होतं त्याच्या जवळजवळ उलट. १९६२ चा कायदा आला तोही गुप्तता राखूनच.

पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांना वाटा कमी आहे, पूर्व बंगालच्या निर्वासितांचं पुनर्वसन नीट होत नाही, शिक्षणावरचा खर्च अपुरा आहे, यावर ते बोलत राहिले. निर्वासितांचा विषय त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांचं जन्मगावच ढाक्याकडचं, फाळणीत पलीकडे गेलेलं.

यश म्हणावं असं एक काम सगळे दाखवतात, ते दिनदर्शिकेचं. देशात तीसेक पंचांगं चालू होती. पंचांगांचं नाक्षत्र वर्ष, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेलं, हे ऋतूंबरोबर चालणाऱ्या सांपातिक वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं, त्यामुळे शतकानुशतकांत वर्षारंभ तेवीस दिवस सरकलेला. साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तो वसंतसंपाताशी, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तिथे, आणून बसवला. त्या समितीत आमच्या नागपूरचे के. ल. दप्तरी होते आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकरही, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. आज राजपत्रावर 'शके' छापलेलं दिसतं ते त्यामुळे. पण आपण पाडवा अजून चांद्र पंचांगानंच करतो, आणि साहा तर हे लागू होण्याच्या वर्षभर आधीच, १६ फेब्रुवारी १९५६ ला, दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना कोसळले आणि गेले. शिवाय ही समिती नेमली होती वैज्ञानिक संशोधन परिषदेनं. म्हणजे हे श्रेय खासदार साहांचं की शास्त्रज्ञ साहांचं? इथे तुम्ही मला पकडू शकता. अनेकांनी पकडलंय.

नोकरीला लागलो तेव्हा मी स्वतः वर्गात ठासून सांगायचो की साहांच्या राजकारणानं आपलं नुकसान केलं. तेव्हाचा मी आज समोर बसला असता तर त्याचे मुद्दे असे असते: साहांचा कलकत्त्याचा सायक्लोट्रॉन, म्हणजे अणुकणांना वेग देणारं यंत्र, वर्षानुवर्षं रखडला, त्यांची स्वतःची अणुभौतिकीची संस्था पैशासाठी झगडत होती, मग भाभांच्या खात्यावर त्यांनी केलेली टीका निःस्वार्थ कशी मानायची? मुंबईत भाभांच्या ट्रॉम्बेला पैसा वाहतोय आणि आपल्याकडे नाही, हे शल्य त्या भाषणांच्या मागे नव्हतंच का? असणार. मी नाही म्हणत नाही. स्वभावही असा की माणसं जोडण्यापेक्षा तोडली जास्त. पण शल्य असलेल्या माणसाचा मुद्दा त्या शल्यामुळे खोटा ठरत नाही.

माझं मत बदललं ते ग्रंथालयात बसून नव्हे, एका मांडवात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात कोळशावरच्या वीजप्रकल्पाची जनसुनावणी होती. नाव सांगत नाही, आता त्यानं काही साधणार नाही. मी गेलो तो एक साधं गणित घेऊन. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा, म्हणजे दिवसाला ८,४०० टन. आपल्या कोळशात राख ३५ टक्के धरा, तर रोज जवळजवळ तीन हजार टन राख. ती ठेवणार कुठे, आणि राखेच्या बंधाऱ्याचं पाणी कोणत्या नाल्याला उतरणार, एवढंच मला विचारायचं होतं. अहवालाचा इंग्रजी ग्रंथ एका टेबलावर, मराठीतला सारांश दुसऱ्या. सारांशात राखेला एक परिच्छेद होता आणि त्यात टनाचा आकडा नव्हता.

माझा नंबर आला. मी माईक धरला, नाव सांगितलं, भौतिकशास्त्र शिकवतो म्हणालो. अध्यक्षस्थानच्या अधिकाऱ्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, 'सर, आपलं गाव कोणतं?' मी नागपूर म्हणालो. 'म्हणजे आपण बाधित नाही. आपलं म्हणणं लेखी द्या, आम्ही जोडून घेऊ.' मागून एक बाई ओरडली, 'मास्तर सांगून राह्यले त आइका ना!' कुणीतरी हसलं. कंपनीच्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं. मी आकडा सांगायला सुरुवात केली, तोवर माईक पुढच्या माणसाच्या हातात होता. त्यानं प्रकल्पात गावच्या पोरांना नोकऱ्या किती, ते विचारलं, आणि मांडव त्याच्या बाजूनं झाला. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या घरात दोन पोरं बसून असतील.

अधिकारी पूर्ण चुकीचे होते असंही नाही. प्रकल्पांच्या पर्यावरण-परिणामांबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेत दोन वाटा आहेत: स्थानिक बाधितांसाठी सुनावणी, आणि बाकी संबंधितांसाठी लेखी म्हणणं. हजर असलेल्या प्रत्येकाला विचारण्याची संधी द्यावी, असंही तीच म्हणते, पण ते तिथे वाचून दाखवणार कोण? मी लेखी दिलं. त्यावर काय उत्तर झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दिल्याची पोच मात्र आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मी १० मे १९५४ ची चर्चा पुन्हा काढली. आधी वाचली होती ती साहा हरले कसे हे बघायला. या वेळी एवढंच दिसलं की साहांना कुणी गाव विचारलं नाही. विचारलं असतं तर वायव्य कलकत्ता, एवढं सांगून ते पुढे बोलू शकले असते. तुम्ही विचारता मिळालं काय. हे मिळालं. आकडा मांडला की समोरच्याला उठावं लागतं, चुकीचं का होईना उत्तर द्यावं लागतं, आणि दोन्ही छापलं जातं. नियतकालिकात लिहून हे होत नाही. 'सायन्स अँड कल्चर'मधून साहा १९३५ पासून लिहीतच होते की.

इथवर आलो की टाळ्या पडतात, आणि तिथेच मला थांबता येत नाही, कारण पुढची गोष्ट माझ्या सोयीची नाही. तो मांडव साहांना दाखवला असता तर ते माझ्या बाजूला बसले असते का? मला शंका आहे. १९१३ च्या दामोदरच्या पुरात विद्यार्थी असताना ते मदतकार्याला गेले होते. १९४३ च्या पुरानंतर त्यांनी धरणांचा आणि अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवरच्या प्राधिकरणाचा आग्रह धरला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ झालं. मैथन आणि पंचेत या त्याच्या धरणांच्या पाण्याखाली जी गावं गेली त्यांत संथाळांची पुष्कळ होती. दरडोई वीज किती, यावर देशाची प्रगती मोजणारा हा माणूस. माझा तीन हजार टनांचा आकडा ऐकून त्यांनी मान डोलावली असती, आणि मग राखेच्या विटा कशा करायच्या यावर अर्धा तास मलाच सुनावलं असतं.

एका निवृत्त अभियंता मित्राचं म्हणणं, 'मग तू त्यांचा दाखला देऊच नकोस. तुझं भांडण वेगळं, त्यांचं वेगळं.' मी त्याला सांगतो की मी साहांच्या मताचा दाखला देत नाही, त्यांनी बसायला निवडलेल्या जागेचा देतो. तो म्हणतो, जागा आणि मत असं वेगळं काढता येत नाही. मोठ्या धरणांवर विश्वास नसता तर ते दिल्लीला गेलेच नसते. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि त्याच्याकडेही माझ्या माईकचं नाही.

येत्या विज्ञान दिनाला एका महाविद्यालयानं पुन्हा बोलावलंय. पत्रात लिहिलंय, 'कृपया विषय साहा समीकरणापुरता मर्यादित ठेवावा.' मी कळवलंय की येतो, पण १० मे ची वीस मिनिटं सोडणार नाही. जमत नसेल तर दुसरा वक्ता बघा. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.